चार अक्षरांचं कुलूप

आमचं घर सांगलीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत. घराची पुढची खोली म्हणजे अब्बांचं दुकान. तिथं ते पितळेची कुलपं बनवायचे, पण चावीची नव्हे, अक्षरांची. आताच्या मुलांनी ती पाहिलेली नसतील, म्हणून थोडं सांगते. एका दांडीवर चार चकत्या बसवलेल्या असत. प्रत्येक चकतीवर आठ अक्षरं कोरलेली. चकत्या फिरवून ठरलेली चार अक्षरं एका रेषेत आणली, की दांडी सरकायची आणि कुलूप उघडायचं. एक जरी अक्षर चुकलं तरी ते तसूभर हलायचं नाही. शब्द गिऱ्हाइकानं आपल्या मनानं ठरवायचा आणि अब्बांना सांगायचा. कुलूप एकदा तयार झालं, की तो शब्द ठाऊक असणारी माणसं दोनच, गिऱ्हाईक आणि अब्बा.

साठ सालानंतरची पाच-सहा वर्षं मी त्या खोलीत बसले. तेवढ्या काळात शब्द चुकला की माणूस काय काय करतो, हे मी इतकं पाहिलं, की अजूनही कुणी काही विसरून चाचपडू लागलं तर माझं लक्ष आधी त्याच्या बोटांकडं जातं. कुणी कुलूप कानाशी धरून हलवायचं. कुणी त्यात फुंकर मारायचं. कुणी तोच चुकीचा शब्द पुन्हा लावायचं, फक्त या वेळी जोर लावून. पुरुषमाणसं आधी आपल्याकडं कोण बघतंय ते बघायची. बायका म्हणायच्या, "माझंच काय तरी चुकलं असंल." फौजेतून सुट्टीवर आलेला एक जवान प्रत्येक चकतीला "एक, दो" असं मोठ्यानं मोजायचा आणि तिसऱ्या चकतीला अडला की पुन्हा सावधान उभा राहून पहिल्यापासून सुरू करायचा.

अब्बांची एक पद्धत होती. तीनदा चुकलं, की ते गिऱ्हाइकाच्या हातातलं कुलूप काढून घ्यायचे आणि पाण्याचा तांब्या पुढं करायचे. "मन तापलं की बोटं आंधळी होतात," असं म्हणायचे. पाणी पिऊन झालं की दहातल्या आठांना शब्द आठवायचा. उरलेल्या दोघांनाही ते स्वतः कधी शब्द सांगत नसत. "घरी जा, ज्या दिवशी शब्द ठरवला तो दिवस आठवा," म्हणायचे. लोक चिडायचे, पण दोन दिवसांनी हसत परत यायचे.

मी या कामात आले ती एका अक्षरामुळं.

अब्बांना उर्दू वाचता यायचं, मराठी यायचं नाही. मराठी अक्षरं त्यांना चित्रासारखी होती. गिऱ्हाइकानं कागदावर काढून दिलेलं चित्र ते पितळेवर उतरवायचे, आणि इतकं सुबक उतरवायचे, की त्यांना वाचता येत नाही असं कुणाच्या मनातही येत नसे. मी सातवी पास होऊन घरी बसले होते. एके दिवशी वाईचे एक गुरुजी आले. त्यांची लेक सांगलीत दिलेली होती. तिच्याकडं आले असताना त्यांनी पोथ्यांच्या पेटीसाठी आमच्याकडून कुलूप करून घेतलं होतं. आता ते लाल चेहऱ्यानं दारात उभे होते.

"मिस्त्री, कुलूप उघडत नाही. शब्द माझ्याकडून चुकणं शक्य नाही. साठ वर्षं पाठांतर करतोय मी."

अब्बांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. गुरुजींनी तो बाजूला सारला आणि पुन्हा चकत्या फिरवू लागले. दुसऱ्या चकतीशी येऊन थांबत होते. ती पुरी फिरवत, परत मागं आणत, आणि मान हलवत. मी आतल्या दाराशी उभी राहून बघत होते. हा माणूस विसरलेला नाही, हे मला दिसत होतं. विसरलेला माणूस वर छताकडं बघतो. हे त्या चकतीकडं बघत होते आणि तिथं काहीतरी शोधत होते.

मी पुढं जाऊन कुलूप हातात घेतलं. दुसऱ्या चकतीवर दोन घ होते.

"तुम्हाला ध पाहिजे का?" मी विचारलं.

गुरुजी दचकले. "तुला कसं कळलं?"

"इथं ध नाहीच. ध च्या डोक्यावरची रेघ पुरी मारली गेलीय, म्हणून त्याचा घ झालाय."

गुरुजींनी चष्मा पुसला, चकती जवळ धरली आणि मग अब्बांकडं पाहिलं. अब्बांच्या कपाळावर घाम आला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांची न वाचता येणारी बाजू उघडी केली होती, आणि ती त्यांच्याच पोरीनं. मला वाटलं, आता मार बसणार. पण गुरुजी मोठ्यानं हसले. "म्हणजे मी बरोबर होतो!" एवढंच त्यांना हवं होतं. ते दुसरा घ रेषेत आणून, कुलूप उघडून, खुशीत निघून गेले.

त्या संध्याकाळी अब्बांनी माझ्यापुढं छिन्नी, छोटी हातोडी आणि पितळेचा एक तुकडा ठेवला. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, पण त्यांचं म्हणणं असं होतं: "चकत्यांच्या आतल्या खाचा मी करीन. अक्षरं उद्यापासून तुझी." मी विचारलं, "आणि शब्द? तो मलाही कळेल मग." ते म्हणाले, "कळेल. तो पोटात ठेवायचा. मी ठेवला तसा." त्या रात्री मला झोप आली नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला कुणी सोन्याच्या बांगड्या दिल्या असत्या, तरी इतका आनंद झाला नसता.

म्हणूनच पुढं जे सांगणार आहे, त्यातला शब्द मी इथं लिहिणार नाही. तो माझा नाही.

दोन वर्षांनी शिराळ्याकडच्या एका गावातून दोघी जणी दुकानात आल्या. एक तरुण बाई, पांढऱ्या स्वच्छ पातळात, प्रौढांच्या वर्गाला शिकवणारी. दुसरी साठीची, रापलेल्या चेहऱ्याची, हातात पावसाचं इरलं घेतलेली. त्यांच्या वस्तीनं धम्म घेतला त्याला काही वर्षं झाली होती, आणि आता वस्तीतल्या अकरा बायका संध्याकाळी शाळेच्या खोलीत पाटी घेऊन बसत होत्या. पाट्या, खडू आणि कागद ठेवायला एक लाकडी पेटी होती. त्या पेटीला कुलूप हवं होतं.

अब्बा म्हणाले, "चावीचं स्वस्त पडेल."

म्हातारी लगेच म्हणाली, "आवं मिस्त्री, चावी नगं. चावी कुणाच्या तरी एकीच्या कमरंला ऱ्हाती, मग ती मालकीण हुती. आमाला अकरा जणींस्नी उघडता याया पायजे."

"पण तुम्हाला वाचता येतं का?" मी विचारलं.

"न्हाई अजून," ती म्हणाली. "पर चार अक्षरं याया किती दीस लागत्यात?"

शब्द शिक्षिकाबाईंनी माझ्या कानात सांगितला. म्हातारीनं दुसऱ्या बाजूनं तोच पुन्हा सांगितला, बाई चुकल्या तर नाहीत ना या खात्रीसाठी. मी ते कुलूप आठ दिवसांत केलं. त्याआधी किंवा त्यानंतर एवढ्या काळजीनं मी काही कोरलं असेल, असं मला वाटत नाही.

पावसाळा गेला, सुगी झाली. एका सोमवारी दुपारी दुकानासमोर जीप थांबली. फेटा, काळा कोट, करकरीत वहाणा अशा एका गृहस्थानं आत येऊन घोंगडीत गुंडाळलेली पेटी फळीवर ठेवली. घोंगडी बाजूला झाली आणि मी माझं कुलूप ओळखलं.

"मिस्त्री, ह्ये तुमचंच काम न्हवं? खूण हाय तुमची," तो गृहस्थ म्हणाला. "पेटी आमची हाय. शब्द इसरलोय. तेवढं उघडून द्या."

अब्बांनी ते कुलूप ओळखलं की नाही, मला समजेना. त्यांनी नेहमीप्रमाणं म्हटलं, "बसा. आधी तुमी फिरवून बघा. बोटांना आठवतं कधी कधी."

तो बसला आणि फिरवू लागला. मी बघत राहिले. विसरलेल्या माणसाची पहिली एक-दोन अक्षरं नीट लागतात, मग तो अडतो. त्याचे ओठ हलत असतात. चुकलं की तो पुन्हा पहिल्या चकतीवर येतो, कारण शब्द सुरुवातीपासूनच आठवतो. या माणसानं सुरुवात तिसऱ्या चकतीपासून केली. ओठ गप्प. आणि कुलपाकडं न बघता तो अधूनमधून अब्बांच्या तोंडाकडं बघत होता. कुठल्या अक्षराला अब्बांची पापणी हलते, ते तो शोधत होता.

अब्बांनी पाणी पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अब्बा, हे कुलूप यांचं नाही."

त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "पोरी, तुला काय ठावं?"

"अक्षरं मी कोरलीत. शब्द कुणी दिला ते मला ठाऊक आहे."

"आसं? म्हंजी शब्द तुला ठावा हाय." त्यानं पेटी माझ्याकडं सरकवली. "मग तूच उघड की. आत काय सोनंनाणं न्हाई. एक अर्ज हाय फकस्त. त्यावर कुणाकुणाची नावं हायत तेवढं बगायचंय. बगतो आन् ठेवतो परत. म्हनशील त्ये दीन."

मला त्या क्षणी सगळं कळलं. वस्तीवर पाण्याची सोय नाही, हे त्या दोघींच्या बोलण्यात आलं होतं. बायकांनी विहिरीसाठी अर्ज लिहिला असणार, आणि त्यावर सह्या करणाऱ्या बायका याच माणसाच्या आणि याच्या भाऊबंदांच्या शेतावर कामाला जात असणार. हा त्या गावचा पुढारी दिसत होता; शाळेची खोली पंचायतीच्या ताब्यात, म्हणजे खोलीची किल्ली याच्याकडंच असणार. त्यानं पेटी उचलून आणली होती. फोडली असती तर फोडणारा कोण ते दिसलं असतं. न फोडता आत बघायचं, म्हणून तो इतक्या लांब आला होता.

चार चकत्या माझ्यापुढं होत्या. माझ्या बोटांना त्या डोळे मिटूनही लागल्या असत्या. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले. मला भीती वाटत होती ती त्याची नाही, माझ्या बोटांची. सवयीनं ती पुढं जातील की काय, अशी.

अब्बा उठले. उंचीनं ते लहानखुरे होते, पण त्या दिवशी मला ते दारापेक्षा मोठे वाटले.

"साहेब, आमच्या दुकानात एकच रीत हाय," ते म्हणाले. "शब्द ज्याचा, त्यानं उघडायचं. आमी करतो, उघडत न्हाई."

"मोडून टाकीन मी."

"मोडा की. पेटी तुमचीच हाय म्हणता, मग कोण अडवणार? ही घ्या छिन्नी, ही हातोडी. गल्लीतली चार माणसं बोलावतो, त्यांच्यासमोर मोडा."

छिन्नी तशीच अब्बांच्या हातात राहिली. मग त्यानं घोंगडी पेटीवर ओढली. "आमच्या तालुक्यात तुझं एक कुलूप खपू द्याचा न्हाई."

"बरं," अब्बा म्हणाले.

जीप गेल्यावर अब्बांनी चहा मागितला. तो बशीत ओतून घेतला. मला वाटलं, आता म्हणतील, तू कशाला मधे बोललीस. ते चहा संपवून म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जाऊ. त्या बाईंना सांगायला पाहिजे." बशी खाली ठेवता ठेवता आणखी एक वाक्य बोलले, "मला शंका होती, पण खात्री नव्हती. तू बोललीस म्हणून मी बोललो."

दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गाडी बदलून आम्ही शिराळ्याला उतरलो आणि पुढं दोन मैल चालत गेलो. शिक्षिकाबाई शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. पेटी शनिवारपासून दिसत नव्हती म्हणे, आणि आज सकाळी येऊन बघतात तर पुन्हा कोपऱ्यात, जशी काही कुठं गेलीच नव्हती. आम्ही सगळी हकीगत सांगितली. त्यांनी पेटी उजेडात आणली. कुलपाच्या कडीपाशी पितळ ओरबाडलं गेलं होतं. कुणीतरी पातळ लोखंड घालून बघितलं होतं. अब्बांनी कडी ओढून पाहिली, दांडी पाहिली आणि मान डोलावली. "सरकलं नाही," एवढंच म्हणाले, पण त्यांचा आवाज मी ओळखते.

दुपारी बायका रानातून आल्या. बातमी कळली तशा एकेक करून खोलीत जमल्या. पेटी कुणी उघडायची यावर काही चर्चा झाली नाही. दुकानात आलेली ती म्हातारी पुढं सरकली आणि खाली बसली. तिनं कुलपावर पदर धरला, आणि त्या आडोशाला चकत्या फिरवू लागली.

शिक्षिकाबाई हसून म्हणाल्या, "आत्या, अहो, त्यांनीच केलंय ते. त्यांच्यापासून काय झाकताय?"

"आसूंद्या," म्हातारी म्हणाली. "आज त्या पावन्या हायत."

पहिल्या खेपेला कुलूप उघडलं नाही. तिनं कुलूप हलवलं नाही, फुंकर मारली नाही, जोरही लावला नाही. हात पदराला पुसले, चारी चकत्या फिरवून लावलेली अक्षरं विस्कटून टाकली, आणि घाई न करता पहिल्यापासून पुन्हा एकेक अक्षर लावलं. टक्क असा आवाज आला. अकरा जणींनी एकदम हुश्श केलं आणि मग हसू लागल्या. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात घट्ट धरला होता, तो तिनं सोडलाच नाही.

अर्ज जागेवर होता. नऊ अंगठे आणि दोन सह्या. म्हातारी म्हणाली, "बाई, माझा अंगठा त्यात पयला हाय. त्येच्याखाली मला नाव लिवायचंय. हा कागद लिवला तवा मला येत न्हवतं, आता येतंय."

तिनं टाक हातात घेतला आणि लिहू लागली. फार वेळ लागला. मी वाकून बघत होते, आणि तिचं पहिलं अक्षर पुरं झालं तेव्हा मी आणखी खाली वाकले. छिन्नीनं पितळेवर गोल वळण नीट येत नाही, म्हणून मी अक्षराची गोलाई तीन सरळ घावांत मोडायची. ती माझी खास पद्धत होती, आणि थोडी आळशीपणाचीही. कागदावर लिहिणारं कुणी तसं अक्षर काढत नाही. म्हातारीच्या नावातलं पहिलं अक्षर कुलपातल्या एका अक्षरासारखंच होतं, आणि तिनं ते पाटीवरच्या पाठावरून नाही, त्या कुलपावरून उचललं होतं. कागदावर तिनं गोलाई काढली नाही. तीन सरळ रेघा काढल्या, छोट्या, एकमेकींना टेकलेल्या. तो माझा हात होता. सांगलीतल्या पुढच्या खोलीत बसून मी मारलेले तीन घाव त्या बाईच्या सहीत जाऊन बसले होते.

शिक्षिका व्हायचं मनात होतं आणि सातवीनंतर शाळा सुटली, याचं मला वाईट वाटायचं. ते वाईट वाटणं त्या खोलीतच कुठंतरी राहिलं. परत आले तेव्हा ते माझ्याबरोबर नव्हतं.

अर्ज पेटीत परत ठेवायचा नाही, आजच्या आज कचेरीत द्यायचा, असं ठरलं. शिक्षिकाबाई आणि म्हातारीसह तिघी जणी आमच्याबरोबर शिराळ्यापर्यंत चालत आल्या. कचेरीतल्या कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिला, नाइलाजानं शिक्का मारला आणि पोच दिली. पोचेचा तो चिटोरा म्हातारीनं चोळीत खोचला.

पुढं काय झालं तेही सांगायला हवं. नावं शेवटी कळलीच. कचेरीत गेलेला कागद किती दिवस झाकून राहणार? त्या हंगामात चौघींना कामाला बोलावलं गेलं नाही, त्या दुसऱ्या गावी तण काढायला, भांगलणीला गेल्या. पण तोवर कागदावर शिक्का पडला होता आणि तो मागं घेता येत नव्हता. वस्तीवर विहीर व्हायला दोन वर्षं लागली. त्या गृहस्थानं शब्द पाळला. शिराळ्याच्या बाजारात आमची कुलपं कुणी ठेवेना. नंतर बाहेरून यंत्रावर केलेली स्वस्त कुलपं आली, आणि मग सगळीकडंच आमची ठेवेनात. अब्बांनी शेवटची काही वर्षं स्टोव्हच्या दुरुस्तीत काढली. त्यांनी कधी कुरकुर केलेली मला आठवत नाही.

त्या दिवशी परतताना इस्लामपूरच्या स्टँडवर आम्हाला सांगलीच्या गाडीसाठी बराच वेळ थांबावं लागलं. बाकावर आमच्याशेजारी गुळाची ढेप मांडीवर घेऊन एक अनोळखी शेतकरी बसला होता. त्यानं सहज विचारलं, "कुठलं पावनं?"

"सांगली. कुलपं करतो," अब्बा म्हणाले. मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "मी म्हणजे आमी दोघं. अक्षरं ही कोरती. माझी मुलगी."

शेतकऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पोरगी? पितळंवर?"

"व्हय," अब्बा म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली." आणि त्यांनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.